शेवटचा बदल

उद्यमनगरात लेथच्या दुकानावर
माझा पोटमाळा.
खाली बिडाचा कीस उडतो,
वर मी यादी लावतो :
आवाज कापणारी, चित्रं जोडणारी,
कुणी कुणी फुकट दिलेली, उघडी ठेवलेली सॉफ्टवेअरं.
अकराशे बेचाळीस नोंदी. काल एक वाढली,
एक दोनदा आलेली निघाली. म्हणजे तेवढ्याच.

रकाने साधे आहेत.
नाव. काय करतं. कशावर चालतं. लायसन्स.
शेवटचा बदल कधी.
इथं आलं की माझा हात हळू होतो.

इंद्रजित म्हणतो, भावा,
चालू हाईत तेवढी ठेव की,
मेलेली कशाला मांडून बसलायस?
(तो लग्नाचे व्हिडिओ करतो.
नवरानवरीची नावं हलवत आणणारं त्याचं जे आहे,
त्याचा कर्ता सहा वर्षं तिकडं फिरकलेला नाही,
हे मी त्याला सांगत नाही.)

मेलेलं, असं मी लिहीत नाही.
आधी लिहायचो 'बंद'.
मग 'सोडून दिलेलं'. तेही खोडलं.
कुणी कुणाला सोडलं, बाहेरून कळत नाही.
कर्त्याला मूल झालं असेल,
मनगट दुखत असेल.
एकीचं नुसतं टोपणनाव आहे,
तिनं शेवटच्या बदलाखाली लिहिलंय,
'उरलेलं रविवारी.'
कुठला रविवार, ते तारखेवरून काढता येतं. मी काढला.
त्या रविवारी पंचगंगा कुंभार गल्लीत शिरली होती
आणि मी छातीभर पाण्यात
हार्डडिस्क डोक्यावर धरून.

कॉलेजात असताना चार चैत्र
मी जोतिबाच्या डोंगरावर माईकवर बसलो,
हरवलेल्यांच्या मंडपात.
समोर बाकावर गुलालानं माखलेली पोरं.
हवालदार पाटोळे एकदाच ओरडले :
पोर हरवलंय म्हणतोस व्हय रे?
आपल्याजवळ आहे ते सापडलेलं.
आई हरवलीय. तिला बोलव.

मग मी म्हणायचो,
अंगात हिरवा सदरा, एका पायात चप्पल,
नाव नीट सांगत नाही,
गाव विचारलं तर 'तळ्याजवळ' म्हणतो,
आईनं असेल तिथून मंडपात यावं.

मार्चात रात्री दीडला केलेली नोंद :
व्हर्जन शून्य पूर्णांक तीन.
पेटीचे सूर जुळवायला मदत करतं.
माहितीच्या पानावर अर्धंच वाक्य.
कर्त्याला पाठवलेला ईमेल परत येतो.
जुन्या मशीनवर अजून उभं राहतं,
काळी चारपाशी अडखळतं.

जूनमध्ये मिनाज तांबोळी जिना चढून आली.
गंगावेशीत हार्मोनियम दुरुस्त करते.
चुलत्यांचा लॅपटॉप पदराखाली,
त्यात एकोणसाठ पेट्यांची मापं,
आणि ती फाइल दुसऱ्या कशातच उघडत नव्हती.
इथं उघडली.
बराच वेळ ती नुसती आकडे वाचत राहिली,
मधेच म्हणाली, ही कागलच्या गुरवांची.
मग विचारलं,
हे बिघडलं तर कुणाकडं जायचं?
कुणाकडं नाही, म्हटलं. पण कोड उघडा आहे.
उघडा म्हणजे?
भाता काढला की आतलं सगळं दिसतं, तसा?
साधारण तसा.
मग दाखवा.

मी दाखवलं. चहा निवला.
तिला इंग्रजी बेताचं, मला सूर बेताचे.
चार-पाच गुरुवार गेले असे.

आता त्या रकान्यात नवी तारीख आहे.
तिच्यापुढं तिनं दोनच शब्द टाकलेत :
काळी चार.

बाकीची बसलीत बाकावर.
काहींना कुणी येणार नाही, हे मला कळतं.
पाटोळेंनाही कळायचं, तरी ते
रात्री माईक बंद करू द्यायचे नाहीत.

आज सोमवार, खाली लेथ बंद.
मी पुढच्या नोंदीला बसलोय.
अंगात काय आहे, पायात काय आहे,
नाव कितपत सांगता येतं.